टोक कधी उघडायचे आणि कधी झाकायचे: गुणसूत्रांची राखण आणि पेशीचे वेळापत्रक

रावेर तालुक्यात केळीची बाग असलेला माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षी केळीच्या कांदेबाग हंगामाच्या लागवडीच्या दिवसांत भेटला, तेव्हा त्याने बांधावर बसल्याबसल्या एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, "सर, आमच्या केळीला बी नाही. आजोबा मुनवे काढून लावायचे, वडिलांनीही तेच केले, आणि आता मी टिश्यूची रोपे आणतो, पण तीही कुठल्या तरी कंदापासूनच केलेली असतात. म्हणजे एकच झाड पिढ्यान्‌पिढ्या स्वतःलाच वाढवत आले आहे. तुम्ही वर्गात शिकवले होते, की पेशी विभागली की दर वेळी गुणसूत्राचे टोक थोडे झिजते. मग ही केळी अजून संपली कशी नाही?"

या प्रश्नाचे एका शब्दातले उत्तर 'टेलोमरेज' असे आहे आणि ते मी त्याला लगेच दिले. परंतु घरी परतताना मला ते उत्तर अपुरे वाटत राहिले. झिजलेले टोक भरून काढणारे विकर (एन्झाइम, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) पेशीत आहे एवढे सांगितल्याने काम भागत नाही, कारण ते विकर चुकीच्या वेळी चुकीच्या जागी पोहोचले, किंवा टोक नको त्या वेळी उघडे पडले, तर पेशीचा लाभ होण्याऐवजी घात होतो. टोकांची देखभाल हा मुळात वेळ साधण्याचा प्रश्न आहे आणि पाठ्यपुस्तकांत नेमका तोच भाग एका ओळीत आटोपलेला असतो. म्हणून तो भाग येथे सविस्तर मांडतो.

प्रथम टोकाविषयी. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा एक अतिशय लांब, दुपदरी धागा. माणसाच्या पेशीत अशी ४६ गुणसूत्रे असतात आणि प्रत्येकाला दोन टोके, म्हणजे एकूण ९२ टोके असतात. पेशीच्या दृष्टीने ही ९२ टोके फार अडचणीची आहेत, कारण डीएनए मध्येच तुटला तर तुटलेल्या जागीही असेच टोक तयार होते. तुटलेले टोक दिसले की ते ताबडतोब दुसऱ्या टोकाशी जोडून टाकावे, अशी दुरुस्तीची यंत्रणा पेशीत सदैव सज्ज असते. तिने गुणसूत्राच्या नैसर्गिक टोकालाच तुटलेले समजून दुसऱ्या गुणसूत्राच्या टोकाशी जोडले, तर अनर्थ ओढवतो. हर्मन म्युलर यांनी फळमाशीच्या गुणसूत्रांवर क्षकिरणांचा मारा करून पाहिला, तेव्हा तुटलेली टोके एकमेकांना चिकटत होती, मात्र मूळची टोके चिकटत नव्हती. या वेगळ्या वागणाऱ्या टोकांना त्यांनी १९३८ मध्ये 'टेलोमिअर' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'शेवटचा भाग' असाच होतो. त्याच सुमारास बार्बरा मॅक्लिंटॉक मक्याच्या गुणसूत्रांचा अभ्यास करत याच निष्कर्षाला पोहोचल्या होत्या.

माणसाच्या टेलोमिअरमध्ये टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरे, म्हणजे त्याचे रासायनिक घटक, हजारो वेळा एकामागून एक आलेली असतात. जन्माच्या वेळी हा पट्टा साधारण १० ते १५ हजार अक्षरजोड्यांचा असतो. त्याच्या अगदी शेवटी दोन पदरांपैकी एक पदर दुसऱ्यापेक्षा थोडा लांब असून बाहेर लोंबत असतो. हा लोंबता पदर मागे वळून दुपदरी भागात शिरतो आणि टोकाला एक फास तयार होतो. हा फास १९९९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहण्यात आला. गोधडी शिवताना कडेचा कपडा आत दुमडून टाके घालतात, म्हणजे धागे उसवत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. या दुमडीवर सहा प्रथिनांचा एक संच बसलेला असतो, त्याला शेल्टरिन म्हणतात. त्यातील टीआरएफ२ नावाचे प्रथिन फास टिकवून धरते आणि दुरुस्ती यंत्रणेला टोकापासून दूर ठेवते.

आता पेशीच्या वेळापत्रकाकडे वळू. प्रयोगशाळेत वाढवलेली माणसाची पेशी साधारण २४ तासांत एक फेरा पूर्ण करते. पहिल्या, म्हणजे जी१ या टप्प्यात ती वाढते. एस टप्प्यात, सुमारे ८ तासांत, सगळ्या डीएनएची नक्कल होते. जी२ टप्प्यात तपासणी आणि तयारी होते, आणि एम टप्प्यात, साधारण तासाभरात, गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली जाऊन पेशीचे दोन भाग होतात. हा क्रम राखणाऱ्या प्रथिनांना सायक्लिन आणि सीडीके म्हणतात. सीडीके हे विकर इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा एक लहानसा शिक्का मारते. शिक्का बसला की त्या प्रथिनाचे काम सुरू होते किंवा थांबते. या यंत्रणेच्या शोधासाठी लेलँड हार्टवेल, पॉल नर्स आणि टिम हंट यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी कित्येक शतके चालत आलेली फड पद्धत, म्हणजे शेतांचे गट (फड) पाडून सामाईक पाणी पाळीने देण्याची रीत, ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. तेथे नदीवर बंधारा आहे, बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाण्याची पाळी पाटकरी सांभाळतो. पाणी तेच, पाटही तोच, पण कोणते दार केव्हा उघडायचे आणि केव्हा बंद करायचे, यावर सगळ्या फडांचे पीक अवलंबून असते. ज्या शेताची पाळी नाही तेथे दार उघडे राहिले, तर तेथील पीक सडते आणि शेवटच्या शेताला पाणी पुरत नाही. पेशीत सीडीके हा असा पाटकरी आहे आणि गुणसूत्राचे टोक हे त्याच्या हाताखालचे एक दार आहे.

जी१ टप्प्यात हे दार बंद असते. फास घट्ट असतो आणि टेलोमरेजलाही टोकापाशी काम मिळत नाही. यीस्टवरील प्रयोगांत हे फार स्पष्ट दिसले आहे. जी१ मध्ये अडवून ठेवलेल्या पेशीत टेलोमरेज हजर असले तरी टोक वाढत नाही. पेशी पुढे सरकून नकलेच्या शेवटच्या भागात पोहोचली, की तेथेच वाढ सुरू होते.

एस टप्प्यात खरी कसोटी लागते. टोकापर्यंत नक्कल करायची, तर फास सोडवावा लागणार, आणि तो सोडवला की टोक काही काळ उघडे पडणार. हा फास उलगडण्याचे काम आरटीईएल१ नावाचे प्रथिन करते. एरवी ते टोकाजवळ फिरकू शकत नाही, कारण टीआरएफ२ वर फॉस्फेटचा एक शिक्का असतो आणि तो असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. एस टप्पा आला, की दुसरे एक विकर हा शिक्का पुसून टाकते. मग आरटीईएल१ येते, फास उलगडते, नक्कल करणारी यंत्रणा पुढे जाते, आणि काम झाले की सीडीके पुन्हा शिक्का मारते. लंडनमधील फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी हे २०१९ मध्ये दाखवले. त्यांनी टीआरएफ२ मध्ये असा बदल केला, की शिक्का कधी पुसलाच जाणार नाही. तेव्हा नकलेच्या वेळी फास सुटला नाही आणि कापणाऱ्या विकरांनी तो सबंध फासच तोडून टाकला, म्हणजे टेलोमिअरचा मोठा तुकडा एका झटक्यात गेला. उलट, शिक्का कधी बसणारच नाही असा बदल केला, तेव्हा फास अवेळी सुटू लागले आणि पेशीत डीएनए तुटल्याचा इशारा वाजू लागला. मला हा प्रयोग या संपूर्ण विषयाचा गाभा वाटतो. दोन्ही बाबतींत एकही प्रथिन कमी पडलेले नव्हते, चुकली होती ती वेळ.

फास सुटून नक्कल झाली, तरी अडचण संपत नाही. नक्कल करणारे विकर कोरी सुरुवात करू शकत नाही. त्याला आधी आरएनएचा, म्हणजे डीएनएशी मिळत्याजुळत्या रेणूचा, एक छोटा तुकडा टेकू म्हणून लागतो, आणि दोन पदरांपैकी एका पदराची नक्कल अशा टेकूंवरून तुकड्यातुकड्यांनी होते. शेवटच्या तुकड्याचा टेकू काढून टाकल्यावर त्या जागी भरायला कोणी नसते, कारण पलीकडे डीएनएच उरलेला नसतो. दुसऱ्या पदराची नक्कल थेट शेवटपर्यंत जाते, पण तेथे टोक सपाट होते आणि फासासाठी लागणारा लोंबता पदर उरत नाही. म्हणून अपोलो नावाचे विकर मुद्दाम एका पदराची थोडी छाटणी करते. अशा प्रकारे एका टोकाला भरता न आल्यामुळे आणि दुसऱ्या टोकाला छाटावेच लागत असल्यामुळे दर विभाजनाला टेलोमिअर आखूड होत जाते. माणसाच्या सर्वसाधारण पेशीत ही घट दर विभाजनाला साधारण ५० ते १०० अक्षरजोड्यांची असते. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी माणसाच्या पेशी सुमारे ५० वेळा विभागून थांबतात असे दाखवले होते. नकलेतील या उणिवेशी त्या थांबण्याचा संबंध असावा, हा विचार रशियातील अलेक्सेई ओलोव्निकोव्ह यांनी १९७१ मध्ये मांडला.

उणीव भरून काढणारे टेलोमरेज १९८४ च्या नाताळाच्या दिवशी कॅरल ग्रायडर यांना प्रथम दिसले. त्या तेव्हा एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थिनी होत्या आणि टेट्राहायमिना या तळ्यातल्या एकपेशीय जीवावर काम करत होत्या. या दोघींना आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चे नोबेल मिळाले. टेलोमरेज स्वतःसोबत आरएनएचा एक साचा बाळगते आणि त्यावरून लोंबत्या पदराला तीच ती अक्षरे पुन्हा पुन्हा जोडते. पण जोडायचे केव्हा, हे येथेही सीडीके ठरवते. यीस्टमध्ये सीडीसी१३ नावाचे प्रथिन लोंबत्या पदरावर बसते. नकलेच्या अखेरीस सीडीके त्यावर शिक्का मारते, आणि त्यामुळे त्याची टेलोमरेजच्या सोबत्याशी पकड बसते. माणसात टेलोमरेज एरवी बराच काळ केंद्रकातील काजाल पिंड नावाच्या बारीक पुंजक्यांत थांबलेले असते आणि एस टप्प्यात टोकांकडे जाते. तेथे शेल्टरिनमधील टीपीपी१ हे प्रथिन त्याला धरून घेते. म्हणजे जी प्रथिने टोकाचे रक्षण करतात, त्यांतलेच एक ठरल्या वेळी आत घेण्याचेही काम करते. मला हे फार विलक्षण वाटते.

टोक वाढवण्यालाही हद्द हवी. यीस्टमध्ये एका फेऱ्यात सगळी टोके वाढत नाहीत. पुरेशी लांब असलेल्यांपैकी फार थोडी वाढतात, आणि जी आखूड झाली आहेत त्यांना पाळी आधी मिळते. माणसाच्या कर्करोगाच्या पेशींत मात्र बहुतेक टोके दर फेऱ्यात वाढतात, प्रत्येक ठिकाणी सुमारे ५० ते ६० अक्षरे. पुरेशी भर पडली, की सीएसटी हा तीन प्रथिनांचा गट लोंबत्या पदरावर बसतो, टेलोमरेजला थांबवतो आणि समोरचा पदर भरणाऱ्या विकराला बोलावतो. ही भरणी नकलेच्या शेवटी आणि जी२ मध्ये होते. मधल्या काळात लोंबता पदर एरवीपेक्षा लांब असतो, आणि तेवढ्यापुरते टोक अगदी तुटलेल्या डीएनएसारखे दिसते.

याच संदर्भात एक निरीक्षण लक्षात ठेवण्याजोगे आहे. निरोगी पेशीतही जी२ टप्प्यात डीएनए तुटल्याचा इशारा देणारी प्रथिने टेलोमिअरवर थोडा वेळ येऊन जातात. अमेरिकेत यान कार्ल्सेडर यांच्या गटाने हे २००५ मध्ये दाखवले. टोकाचे काम पुरे करून ते पुन्हा झाकण्यासाठी या क्षणिक दखलीची गरज असते असे त्यांच्या प्रयोगांवरून दिसते. ज्या इशाऱ्यापासून टोकाला एरवी लपवायचे, त्याच इशाऱ्याचा ठरावीक वेळेला उपयोग करून घ्यायचा, अशी ही व्यवस्था आहे.

शेवटी विभाजनाचा तास येतो. या टप्प्याबद्दल बोलताना मला आमच्या प्रयोगशाळेतील कांद्याची आठवण होते. जळगावच्या उन्हाळ्यात पाण्यावर ठेवलेला कांदा मुळे फुटण्याआधीच सडतो, म्हणून हे प्रात्यक्षिक आम्ही डिसेंबर-जानेवारीत घेतो. काचेच्या पेल्यात पाणी भरून कांद्याचे बूड जेमतेम टेकेल असा तो ठेवायचा, तीन-चार दिवसांनी पांढरी मुळे बोटाच्या पेराएवढी झाली की सकाळी लवकर त्यांची टोके कापायची, कारण त्या वेळी विभागणाऱ्या पेशी जास्त मिळतात. मग आम्लात मऊ करून, ॲसिटोकार्मिनच्या लाल रंगात भिजवून, स्पिरिटच्या दिव्यावरून दोन-तीनदा हलके फिरवायचे आणि काचेवर ठेवून टिपकागदाखालून अंगठ्याने सरळ दाबायचे. अंगठा सरकला की सगळे वाया जाते. चांगली काच जमली, तर कांद्याची १६ गुणसूत्रे लाल काड्यांसारखी वेगळी दिसतात.

एकदा पारोळ्याकडची एक मुलगी सूक्ष्मदर्शकातून मान वर न करता म्हणाली, "सर, हाऊ दोरा कसाना शे?" मी पाहिले, तर गुणसूत्रांचे दोन गट पेशीच्या दोन बाजूंना निघाले होते आणि त्यांच्यामध्ये एक बारीक लाल धागा ताणलेला होता. याला सेतू म्हणतात. असा सेतू इतर कारणांनीही होतो, पण त्याचा सगळ्यात प्रसिद्ध अर्थ मॅक्लिंटॉक यांनी मक्यात उलगडला. दोन गुणसूत्रांची टोके एकमेकांना चिकटली, की जोडगुणसूत्र तयार होते. विभाजनात त्याला दोन्ही बाजूंनी ओढ बसते, मध्ये सेतू ताणला जातो आणि कुठेतरी तुटतो. तुटलेली टोके पुन्हा कोणाला तरी चिकटतात, आणि पुढच्या विभाजनात पुन्हा सेतू, पुन्हा तूट. प्रत्येक फेरीत गुणसूत्रांची मोडतोड वाढत जाते.

हे टाळण्यासाठी पेशी एक धाडसी निर्णय घेते. विभाजन चालू असेपर्यंत ती तुटलेला डीएनए जोडण्याची यंत्रणाच बंद ठेवते. वरवर हे अविचाराचे वाटते, कारण गुणसूत्रांची ओढाताण चाललेली असताना दुरुस्ती थांबवणे धोक्याचे नाही का? टोरोंटोमधील डॅनिएल ड्युरोशर यांच्या गटाने २०१४ मध्ये याचे उत्तर शोधले. दुरुस्ती यंत्रणेवरचे शिक्के काढून त्यांनी ती विभाजनाच्या वेळी बळेच सुरू केली, आणि तिने तुटलेल्या भागांबरोबर टेलोमिअरही एकमेकांना जोडून टाकले. खरी तूट तासभर तशीच ठेवली तर पुढच्या जी१ मध्ये जोडता येते, पण या तासात टोके चिकटली तर ती चूक पेशीच्या दोन्ही लेकींना भोगावी लागते.

टोके फारच आखूड झाली, की शेल्टरिनला बसायला पुरेशी जागा उरत नाही आणि टोक कायमचे उघडे पडते. सुमारे ५ टोके अशी उघडी पडली, की माणसाची पेशी पी५३ या प्रथिनाच्या आदेशाने जी१ मध्येच थांबते आणि पुन्हा विभागत नाही. शरीराच्या बहुतेक पेशींत टेलोमरेज बंद ठेवलेले असल्याने ही वेळ येतेच, आणि त्यामुळेच मोकाट वाढू पाहणाऱ्या पेशींना लगाम बसतो. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत टेलोमरेज पुन्हा सुरू झालेले आढळते. उलट, ज्यांच्यात ते जन्मतः दुबळे असते त्यांना अस्थिमज्जा निकामी होणे किंवा फुप्फुसे कठीण होत जाणे असे आजार होतात. म्हणून 'टेलोमिअर वाढवा, तरुण राहा' अशा जाहिराती पाहिल्या की मला मनापासून काळजी वाटते.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या केळीकडे येतो. त्या दिवशी त्याने विळ्याने एक मुनवा कापून मला आतला भाग दाखवला होता. पानांच्या आवरणांची एकावर एक वेटाळलेली पांढरी वलये, आणि त्यांच्या मधोमध, कंदाला लागून, जेमतेम दिसेल असा वाढीचा कोंब. केळीचे आयुष्य या कोंबात आहे. टिश्यूची रोपे करणारेही हाच भाग घेतात. वनस्पतींमध्ये टेलोमरेज अशा विभागणाऱ्या भागांत काम करत असते आणि पूर्ण वाढलेल्या पानांत जवळपास आढळत नाही. त्याच पानाचा तुकडा संवर्धनात ठेवून त्याच्या पेशी पुन्हा विभागू लागल्या, की ते परत येते. जपानमध्ये तंबाखूच्या पेशींवर झालेल्या प्रयोगांत असेही दिसले आहे, की एकाच वेळी फेरा सुरू केलेल्या पेशींत टेलोमरेजची क्रिया नक्कल सुरू होण्याच्या सुमारास वाढते आणि मग पुन्हा खाली येते. मुनव्याचे पान वाळून गळते, खोड घड दिल्यावर कापले जाते, पण शेजारच्या पिलाच्या कोंबात त्या वेळी कुठल्यातरी पेशीची पाळी आलेली असते, तिची टोके उघडतात, भरली जातात आणि विभाजनाआधी पुन्हा झाकली जातात.